बाकड्यावरच्या नातीबरोबर मुरबाडला

शेणव्याहून मुरबाड म्हणजे काही परदेश नाय. किन्हवलीच्या रस्त्यानं गेलं की सरळगाव लागतं, तिथं डावीकडं टोकावडे आणि माळशेज, उजवीकडं मुरबाड. तरी मी हे लिहायला बसलोय, त्याला कारण आहे. गावात बोलणं उठलंय की म्हातारा पोरींच्या मॅचला गेला, त्यांच्या सरांशी भांडला आणि हात हलवत परत आला. भांडलो, हे खरं आहे. बाकीचं जे आले नव्हते त्यांनी आधी वाचावं, मग बोलावं. मी चौथी शिकलोय. डोळ्यांनी बघितलेलं लिहायला चौथी पुष्कळ झाली.

माझी नात सायली शहापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. ती बास्केटबॉल खेळते. खेळते म्हणजे संघात आहे. या खेळात पाच जणी मैदानात आणि बाकीच्या बाकड्यावर. सायलीची जागा पॉइंट गार्डची. चेंडू आपल्या बाजूनं पुढं आणायचा आणि कुणाला कुठं द्यायचा ते ठरवायचं, हे त्या पोरीचं काम. ही जागा एक आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या दोघी. दुसरी तन्वी, वाशिंदची, दुसऱ्या वर्षाला. जूनपासून तन्वी मैदानात आणि आमची बाकड्यावर.

माझा मुलगा किसन वाशिंदला कंपनीत जातो. त्यानं एकदा जेवताना सांगूनच टाकलं, "रोज अंधार पडल्यावर घरी येते, आणि खेळते किती तर शून्य. बाकडं झिजवायला घातली काय कॉलेजात? हिची आय एकटी मरते घरात. आता मुरबाडच्या मॅचला खेळवली तर खेळू दे पुढं. नाय खेळवली तर प्रॅक्टिस बंद. कॉलेज सुटलं का एकच्या गाडीनं घरी."

"खेळवतील," मी बोललो.

"तुमी सांगताय जसे काय तुमीच सर."

"खेळवतील म्हटलं ना! नाय खेळवली तर मीच तिला घरी बसवीन."

सायलीनं हातातली भाकरी ताटात ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. पण शब्द गेला तो गेला.

पुढच्या आठवड्यात कॉलेजातून निरोप आला. मुलींबरोबर जाणाऱ्या मॅडम आजारी आहेत, तर एक पालक बरोबर हवा. कुणाच्या बापाला रजा नाय, कुणाची आई अडलेली. मी बोललो, मी जातो. किसन हसला. फॉर्मवर 'विद्यार्थिनीशी नाते' असं छापलं होतं, तिथं मी 'आजा' लिहिलं आणि सही ठोकली.

पहिला दिवस

सकाळी शेणव्याच्या नाक्यावर गाडी आली. आत अकरा पोरी, ड्रायव्हर आणि विशे सर. सर म्हणजे तिशीचा पोरगाच, अंगानं काटकुळा, गळ्यात शिट्टी. त्यांनी मला पुढची सीट दिली. माणूस रीतीचा, हे मी तेव्हाच कबूल केलं. पुढं काय झालं तरी ते कबूलच आहे.

भात कापून झालेलं, खळी मोकळी, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. भाताच्या ओलीवर टाकलेले वाल फुलावर आले होते. आमच्याकडचे वाल ढोपराला लागतात, किन्हवलीच्या पुढचे वीतभरच. मी ते बोलून दाखवलं तर ड्रायव्हर बोलला, "बाबा, तुमचं सगळंच उंच." मागं पोरी खिदळल्या.

किन्हवली सोडल्यावर रस्त्यात म्हशी आडव्या. वीसेक असतील. गुराखी कुठं दिसेना. ड्रायव्हर हॉर्न बडवत बसला. म्हशीला हॉर्न म्हणजे कुणीतरी गातंय असं वाटतं, ती उभी राहून ऐकते. मी खाली उतरलो. "सायले, डावीकडनं ये गो! शिंगाळीला आधी वळव! थांब. आता हाण!" सायली खेळाच्या कपड्यांत, पांढऱ्या बुटांत शेतात उतरली आणि मी सांगेन तशी पळाली. पाच मिनिटांत रस्ता मोकळा. लहानपणापासून ती माझ्याबरोबर गुरांमागं हिंडलेली, माझा आवाज आला की तिला विचार करावा लागत नाय. गाडीत पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी मिशीवरून हात फिरवला. त्या मिशीचं काय झालं ते पुढं येईल.

सरळगावला वडापाव खाल्ला. वडा गरम, पण लसूण कमी. शहापूर स्टॅंडवरचा बरा. मुरबाड भागात मी पूर्वी यायचो ते म्हशाच्या जत्रेला, बैल घ्यायला. तेव्हा चालत आलो होतो. हे मी पोरींना सांगितलं तर एकीनं विचारलं, "आजोबा, मग बैल पण चालतच नेलात?" "नाय, डोक्यावर घेतला," मी बोललो.

ज्या कॉलेजात सामने होते त्याच्या मागं सिमेंटचं मैदान आहे. तिथं उभं राहिलं की समोर सह्याद्रीची भिंत, सिद्धगड, गोरखगड. गोरखगडाचा सुळका म्हणजे कुणी बोट दाखवून दम देतंय असा. आमचा माहुली गड तसा नाय, तो दार अडवून बसलेल्या माणसासारखा आहे. मला आपला बसलेलाच बरा.

चार कॉलेजं होती. प्रत्येकानं बाकीच्या तिघांशी खेळायचं. पहिला सामना त्याच दुपारी, कल्याणच्या पोरींशी. दहा-दहा मिनिटांचे चार डाव, पोरी त्याला क्वार्टर म्हणतात. पहिले दोन डाव तन्वीच. पोरगी वाऱ्यासारखी पळते, मला ते बघवेना. तिसऱ्या डावात सरांनी हात केला आणि सायली उठली. आठ नंबर.

आमच्या गावात कबड्डी असली की मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रत्येक जाणता माणूस आपल्या घरच्या खेळाडूला सांगत असतो. न सांगणाऱ्याला लोक विचारतात, तुझं पोर नाय काय ते? मी तसाच उठलो. मला वाटलं, किसनला दाखवायचं तर तिनं टोपलीत चेंडू टाकायला हवा.

"टाक गो सायले! टाक!"

तिनं जिथं होती तिथून टाकला. टोपलीला शिवला पण नाय.

"मधून घूस! मधून!"

ती तिघींच्या मधून घुसली. त्यांनी तिच्या हातातला चेंडू असा काढून घेतला जसा लहान पोराच्या हातातला गूळ. पलीकडं जाऊन टाकला पण. शिट्टी वाजली. सरांनी तिला बाहेर घेतलं. फोडणीत मोहरी तडतडायला लागतो तेवढा वेळ ती मैदानात होती.

सामना संपल्यावर सर माझ्याकडं आले. "आजोबा, इथं कोच कोण? तुम्ही की मी?"

"तुमी. पण नात माझी हाय."

"नात घरी. इथं ती आठ नंबर आहे."

"आठ नंबरला जन्म दिला तो आमच्या घरानं, तुमच्या शिट्टीनं नाय."

पोरी बघत होत्या. सरांचा आवाज चढला नाय, पण थंड झाला. "उद्या तुम्ही मैदानाजवळ दिसलात तर मी तिला जर्सीच घालू देणार नाही."

"मी पालक हाय. फॉर्मवर सही हाय माझी."

"म्हणून तर सांगतोय. नाहीतर गाडीत बसवून पाठवलं असतं."

मी सायलीकडं बघितलं, ती माझी बाजू घेईल म्हणून. ती बुटाची नाडी सोडत होती. मान वर न करता बोलली, "आजा, तुझा आवाज आला का माझे पाय आपोआप चालतात रे. मी काय वेगळंच ठरवलेलं. दीपाली मोकळी होती, तिला द्यायचा होता." मग बोलली, "तू घालवलंस. बाबांना तूच शब्द दिलास, आणि तूच घालवलंस."

मिशीचं काय झालं, ते आता सांगितलं.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी मी मुरबाड काय पाहिलं, तर आम्ही उतरलो होतो त्या हॉस्टेलचं स्वयंपाकघर. मैदानाकडं जायचं नाय, आणि बाजारात फिरायला मन नाय. स्वयंपाकघर आणि मैदानाच्या मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडं मी आणि पारूबाई. ही तिथली स्वयंपाकीण, मुरबाडचीच, साठीची, जिभेला हाड नसलेली बाई.

"शहापूरकर, हाकलले म्हणं तुमाला?" ती भाकरी थापता थापता बोलली.

"हाकलला नाय. मी आलो."

"बरं बरं. मग आलात तसे वाल सोला."

मी वाल सोलले. घरी कधी सोलले नाय. मोड आलेल्या वालाचं साल बोटात धरून दाबलं की दाणा पटकन सुटतो, पण माझ्या बोटांना ते लवकर जमेना. आमच्याकडं बिरड्यात गुळाचा खडा टाकतात. मी तसं बोललो तर पारूबाई हसली, "तरीच तुमची पोरं गोड खेळतात." तिची भाकरी मात्र अशी पांढरी आणि पातळ, की कबूल करायला जड गेलं तरी करतो, आमच्या घरात तशी होत नाय.

भिंतीपलीकडून चेंडूचा आवाज येत होता. धप, धप, धप. शिट्टी. ओरडा. कोण पळतंय, कुणाच्या हातात आहे, काय कळत नाय. माणसाला शिक्षा द्यायची तर अशी द्यावी. सामना आम्ही जिंकलो. सायली एक मिनिट पण खेळली नाय. ते मला कुणी सांगायची गरज पडली नाय, ती जेवायला आली तेव्हा तिची जर्सी कोरडी होती. लांब जाऊन बसली.

तन्वी आणखी एक भाकरी मागायला आत आली. केस भिजलेले, ढोपर खरचटलेलं. मी तिला बोललो, "बस जरा. मला हा खेळ सांग."

"मला का विचारता? सरांना विचारा ना."

"जागा तुझ्याकडं हाय म्हणून तुला विचारतो."

ती थांबली. माझ्याकडं निरखून बघितलं. "आजोबा, आधीच सांगते. मागच्या वर्षी मी पण बाकड्यावरच होते. पूर्ण वर्ष. मला कोणी जागा दिली नाही. मी पण देणार नाही."

"मी मागत नाय."

"मग ठीक आहे." ती खाली बसली आणि माझ्या परातीतले पाच वाल उचलून फरशीवर मांडले. "ही मी. ह्या चौघी. बघणाऱ्याला वाटतं मी पळते तेच काम. पण मी इथं थांबले, तर ही इकडून फिरते, ही तिकडून. माझ्यावरून चौघींचं चालतं. मी घाई केली की चौघी चुकतात. मी घाबरले तरी चुकतात." तिनं मधला वाल हलवला. "तुम्ही काल टाक टाक ओरडलात. टाकायला बाकीच्या चौघी आहेत."

मी त्या पाच वालांकडं बघत राहिलो. आणि मला आमचं खळं दिसलं. मळणीला आम्ही बैल एका ओळीत दावणीला बांधतो आणि मेढीभोवती फिरवतो. मेढ म्हणजे खळ्याच्या मधला खांब. नवशिका माणूस तरणा बैल मेढीजवळ बांधतो. तो जागच्या जागी झटके देतो, आणि बाहेरचे बैल एकमेकांवर आदळतात. मेढीजवळ बांधायचा तो जाणता बैल. त्याला पळायचं नसतं. थोडक्या जागेत असं वळायचं असतं की सगळी ओळ सरळ राहील. पन्नास वर्षं मी हे केलं, आणि काल नातीला बाहेरच्या बैलासारखं हाणत होतो.

मी मोठ्यानं बोललो, "म्हणजे तू मेढीचा बैल!"

तन्वीचं तोंड उघडंच राहिलं. लांब बसलेली सायली ताट घेऊन उठून आली. "आजा, तिला बैल बोलतोस?"

"तिला नाय. जागेला. तू पण त्याच जागेची."

"म्हणजे मी पण बैल!"

"मी बांधलेली आणि ही सुटलेली," तन्वी बोलली, आणि दोघी हसल्या. मग दोघींना आठवलं की आपल्याला हसायचं नाय, आणि हसणं तिथंच तुटलं.

सायली तिला बोलली, "तू शेवटच्या क्वार्टरला सगळं एकटीच करायला जातेस. आज पण गेलीस."

"आणि तू घाबरतेस. चेंडू हातात आला की सरांकडं बघतेस, सर नाहीतर आजोबांकडं."

"आता नाय बघणार."

"बघू."

तन्वी भाकरी घेऊन गेली. मी उरलेले वाल सोलले आणि उठून सरांकडं गेलो. माफी मी मागितली नाय. हे गावात नीट कळू दे. मी एवढंच बोललो, "उद्या मला मैदानाजवळ बसू द्या. तोंडातून शब्द निघाला तर मी तिथूनच उठून शेणव्याला जाईन. चालत."

"चालत?"

"चालत."

सरांनी शिट्टी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "बाकड्याच्या मागं बसा. तिला तुमचं तोंड दिसता कामा नये."

"आणि तिला खेळवणार काय?"

"ते तुम्ही विचारायचं नाही."

मी विचारलं नाय. फक्त उभा राहिलो. मग तेच बोलले, "लायक वाटली तर खेळेल. शब्द मी देत नसतो." मला ते आवडलं नाय, पण माझ्यापेक्षा तो माणूस शहाणा निघाला. मी शब्द देऊन बसलो होतो.

तिसरा दिवस

शेवटचा सामना मुरबाडच्याच पोरींशी, त्यांच्याच मैदानावर. सगळं कॉलेज लोटलं होतं. पारूबाई पण पदराला हात पुसत आली आणि माझ्याच शेजारी बसली. "शहापूरकर, आज गूळ बाहेर काढते तुमचा," ती बोलली. मी गप्प. "काय वो, दातखीळ बसली काय?" मी गप्प. तिला काय माहीत मी कशानं बांधलेला. ती आपल्या पोरींना नाव घेऊन घेऊन ओरडत होती, तिला कुणी हाकलत नव्हतं. मी खांद्यावरचा टॉवेल तोंडात धरला.

दोन डाव बरोबरीत गेले. तिसऱ्यात तन्वीच्या हातून चौथी चूक झाली. याला फाउल म्हणतात. पाच झाल्या की पोरगी बाहेर, परत येता येत नाय. सरांनी तिला वाचवायला बाकड्यावर घेतलं आणि आठ नंबरला हात केला. तेव्हा आम्ही नऊनं मागं होतो.

पहिलाच चेंडू सायलीच्या हातून गेला. मैदान हसलं. पारूबाई टाळी वाजवून बोलली, "ही कोण आणली गो?" माझ्या पोटातून शब्द उठला तो टॉवेलात चावला. सायलीनं सरांकडं बघितलं नाय. पाठीमागं पण बघितलं नाय.

दुसऱ्यांदा ती चेंडू घेऊन आली ती हळू. मधल्या रेषेच्या पुढं येऊन थांबली. चेंडू खाली, वर, खाली. एक बोट वर केलं. समोरच्या पोरीनं झडप घातली, ही नुसती अंग वळवून उभी राहिली. दीपाली, संघातली सर्वात उंच पोरगी, उजवीकडून फिरून टोपलीखाली आली आणि चेंडू तिच्या हातात होता. कधी दिला ते मी बघितलंच नाय. दोन झाले. पुढच्या खेपेला डावीकडून. मग परत दीपाली. चौघी फिरत होत्या आणि ओळ मोडत नव्हती. नऊचे पाच झाले, पाचाचे तीन.

शेवटची चार मिनिटं राहिली. सरांनी तन्वीला उठवलं. ती टेबलाजवळ जाऊन उभी राहिली, खेळ थांबला की आत जायला. मी मनात बोललो, संपलं. पण एवढा वेळ खेळली, तो तर कुणी काढून घेणार नाय. खेळ थांबला. तन्वीनं पाऊल टाकलं. सर सायलीकडं बघत राहिले, मग त्यांनी तन्वीला हात केला, बस.

तन्वीनं टॉवेल बाकड्यावर आपटला. माझ्या पायाशी येऊन पडला. मी तो उचलून तिच्याकडं धरला, तिनं घेतला नाय. बरोबर केलं. मी असतो तर मी पण घेतला नसता.

शेवटी एकाचा फरक. चेंडू सायलीकडं, सेकंद थोडे. तिच्यासमोर जागा मोकळी होती. सगळं मैदान, पारूबाई, सगळे श्वास धरून. मी टॉवेल इतका चावला की दुसऱ्या दिवशी दाढ दुखली. ती टाकणार असं हात वर करून तिनं चेंडू दीपालीला दिला. दीपालीनं टाकला. कड्यावर दोनदा नाचून तो बाहेर पडला. शिट्टी. एकानं गेलो.

मुरबाडकरांनी मैदान डोक्यावर घेतलं. पारूबाई उड्या मारून आली आणि माझ्याकडं बघून गप्प झाली. "पण तुमची पोरगी शाणी हाय," ती बोलली. "कुणाची हो ती?"

"माझी," मी बोललो. चार डावांनंतर तोंडातून निघालेला तो पहिला शब्द.

परतीला गाडीत बसलो. सरळगाव गेल्यावर तन्वी मागून बोलली, "मी असते तर टाकला असता."

"माहितेय," सायली बोलली.

"मोकळी होतीस तू."

"दीपाली जवळ होती."

बरोबर कोण ते मला कळलं नाय, अजून कळत नाय. मी मैदानात असतो तर टाक म्हणून ओरडलो असतो, आणि ती टाकून बसली असती. विशे सरांनी वळून दोघींना सांगितलं, "सोमवारी साडेचार ते सहा. दोघी पण. जागा कोणाची नाही." तन्वी खिडकीतून बाहेर बघत राहिली. सायलीनं माझ्याकडं बघितलं, कारण सोमवारी साडेचारला ती कुठं असेल ते अजून ठरलं नव्हतं.

किन्हवलीला फोन लागला. किसन.

"खेळवली काय?"

"खेळवली."

"किती टाकले?"

"एक पण नाय."

"जिंकले तरी?"

"नाय. एकानं गेले."

"मग झालं तर. मी काय सांगत होतो..."

"तू काय सांगत होतास ते मला पाठ हाय," मी बोललो, आणि गाडीत सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच मोठ्यानं बोललो. "खेळवली तर खेळू दे, असं बोललास. टाकले तर नाय, जिंकले तर नाय. शेवटची चार मिनिटं ती आत होती आणि दुसऱ्या वर्षाची पोरगी बाहेर बसली होती. आता एकच्या गाडीचं नाव काढायचं नाय."

 तो हळू बोलला, "आणि तिच्या आयनं एकटीनं किती करायचं, बाबा?"

 किसन खोटं बोलत नव्हता. भात लावणीपासून घरातल्या पाण्यापर्यंत सगळं त्या बाईच्या अंगावर, आणि मी सत्तर वर्षांत एक हंडा उचललेला नाय. आमच्यात पुरुष उचलत नाय. गाडी शेणव्याच्या वळणाला आली तरी फोन माझ्या कानाला होता.

"सांजचं पाणी मी भरीन," मी बोललो. "भांडी पण मी बघीन."

"तुमी?"

"का? हात मोडलेत माझे?"

त्याला आता दोन महिने झाले. हापशावर बायका पहिले चार दिवस पदर तोंडाला लावून हसल्या, आणि पारावर बसणारे माझे सोबती अजून हसतात. हसू देत. खांद्यावर हंडा घेऊन त्यांच्या समोरून जातो, वाकडी वाट करत नाय. सायली अजून कधी दहा मिनिटं खेळते, कधी तन्वी तिला तेवढी पण मिळू देत नाय. ते त्या दोघींचं आहे, मी मधे पडत नाय. ज्याला या बाबतीत मला काही बोलायचं असेल त्यानं संध्याकाळी साडेपाचला हापशावर यावं. त्या वेळी ती मैदानावर असते, आणि मी तिथं.